चौदा सेंटीमीटर वर गेलेला रीडर

मार्चचा शेवटचा आठवडा. सकाळी साडेआठला चाकणहून फोन.

"सर, आपल्या रीडरला दुपारी दिसत नाही."

"आणि रात्री?"

"रात्री बरा वाचतो. सकाळीही तसा ठीक. दुपारी तीन वाजत आले की बझर सुरू."

आधी हसू आलं, मग गप्प झालो. तो रीडर, म्हणजे लाइनवरच्या पिसावरचा कोड वाचणारा कॅमेरा, डिसेंबरात मीच बसवून दिला होता आणि कामाचं बिलही वसूल केलं होतं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. या प्रकरणात त्यांची चूक जेवढी, तेवढीच माझी आहे.

जॉब म्हणजे ॲल्युमिनियम डायकास्टिंगचं गिअर केसचं झाकण. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, त्याचं एक तोंड कापून सपाट केलं जातं. त्या सपाट तोंडावर डॉट पीन मशीन कार्बाइडच्या सुईने ठिपके ठोकून डेटा मॅट्रिक्स नावाचा चौकोनी कोड काढतं. १६ बाय १६ घरांचा कोड, एक घर ०.४ मिलिमीटरचं, म्हणजे अख्खा कोड ६.४ मिलिमीटर. करंगळीच्या नखापेक्षा लहानच. त्यात २२ अंक: पार्ट नंबर, तारीख, शिफ्ट, अनुक्रमांक. पीस वॉशिंग मशीनमधून निघतो, ब्लोअरखालून जातो आणि मिनिटाला १२ मीटर वेगाने चालणाऱ्या कन्व्हेयरवरून रीडरखाली येतो. कोड वाचला गेला की पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा कंट्रोलर, पीस पुढे सोडतो. नाही वाचला तर स्टॉपर वर येतो, बझर वाजतो आणि माणूस हँड स्कॅनर घेऊन तो पीस वाचतो.

त्या हँड स्कॅनरवर थोडं थांबतो. मी पोचलो तेव्हा ऑपरेटर मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) एका हाताने अडलेला पीस धरून दुसऱ्या हाताने स्कॅनर मारत होते. पहिल्यांदा नाही वाचला. त्यांनी मनगट जरासं वाकडं केलं, आणि लगेच वाचला. पुढचा पीस, पुन्हा तेच. मामांच्या मनगटाला जे कळत होतं ते रीडर धरून ठेवणाऱ्या माझ्या ब्रॅकेटला कळत नव्हतं. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड गल्ल्यावर पहिल्यांदा वाचला गेला. तेव्हापासून आजपर्यंत दुकानात वाचन नीट होतं त्याचं निम्मं श्रेय गल्ल्यावरच्या माणसाच्या मनगटाचं आहे. 'बीप' येईपर्यंत तो पाकीट फिरवत राहतो. लाइनवर फिरवणारं कोणी नसतं. मनगटाने जे काही केलं असतं ते ब्रॅकेट बसवताना एकदाच ठरवून टाकावं लागतं.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. हँड स्कॅनर वाचतो म्हणजे कोड चांगला आहे. मी येण्याआधीचे तीन आठवडे मात्र कोड वाईट आहे असं धरून गेले होते.

काय काय करून झालं होतं ते मेंटेनन्सच्या मुलाने वहीत नीट लिहून ठेवलं होतं. अशी वही ठेवणारा माणूस मिळणं हेच मोठं नशीब. चित्र काळपट येतं म्हणून रीडरचा एक्स्पोजर (चित्र घेताना उजेड आत येतो तेवढा वेळ) ०.३ मिलिसेकंदावरून वाढवत वाढवत २ मिलिसेकंदांवर नेला होता. वाचायचे प्रयत्न तीनवरून आठ केले होते. क्वालिटीच्या साहेबांच्या सांगण्यावरून डॉट पीनचा दाब वाढवून ठिपके खोल केले होते. त्याने ठिपके मोठे होऊन शेजारच्या घरात घुसायला लागले, शिवाय प्रत्येक ठिपक्याभोवती धातू फुगून कडा उभी राहिली. शेवटची नोंद: 'नवीन रीडरचं कोटेशन मागवलं.' रकमेचा आकडा वाचून मी वही मिटली.

लॅपटॉप उघडला तो एकाच कामासाठी. न वाचलेल्या प्रत्येक पिसाचं चित्र वेळेसकट साठवून ठेवायची सोय रीडरमध्ये असते. ती बंद होती. डिसेंबरात चालू करायची राहून गेली, कारण तेव्हा सगळं वाचलं जात होतं. ही माझी पहिली चूक. नो-रीडचं चित्र नसेल तर नुसता आकडा उरतो, आणि आकडा कारण सांगत नाही.

दुपारी चारपर्यंत साठेक चित्रं जमली. स्क्रीनवर एकाखाली एक लावून मी आणि तो मुलगा बघत बसलो. तीन ढीग आपोआप पडले. पहिल्या ढिगात कोड एका बाजूला काळे ठिपके पांढऱ्या जमिनीवर, आणि दुसऱ्या बाजूला पांढरे ठिपके काळ्या जमिनीवर असा अर्धा-अर्धा दिसत होता. दुसऱ्या ढिगात ठिपके प्रवासाच्या दिशेने ओघळल्यासारखे लांब झाले होते. तिसरा ढीग लहान होता. त्यात कोडचा एक कोपरा चौकटीच्या बाहेर. तिन्ही ढिगांत एक गोष्ट सारखी होती, आणि ती मला सगळ्यात उशिरा दिसली: कोड फार लहान दिसत होता.

मोबाइलमध्ये डिसेंबरातला फोटो शोधला. त्यात रीडर आणि जॉब यांच्यामध्ये माझी वीतही पुरती मावत नव्हती. आता स्टील पट्टी लावली तर ३०० मिलिमीटर. डिसेंबरात मी १६० वर बसवला होता.

"कोणी वर घेतला?"

फिटर पुढे आला. "सर, नवीन मॉडेल आलं ना फेब्रुवारीत, त्याचा ब्रीदरचा बॉस, म्हणजे हवेच्या भोकाभोवतीचा उंचवटा, उंच आहे. ब्रॅकेटच्या कोपऱ्याला ठोकत होता. मग वर सरकवला. स्लॉट होताच की."

स्लॉट होताच. १५० मिलिमीटर लांबीची बोल्ट सरकवायची खाच, मीच कापून घेतलेली, 'ॲडजस्टमेंटला बरं पडेल' म्हणून. त्या फिटरला बोलायला मला तोंडच राहिलं नाही. जिथे सरकवायला जागा असते तिथे कोणीतरी कधीतरी सरकवणारच.

आता त्या चौदा सेंटीमीटरांनी काय काय केलं ते बघा. रीडरचा सेन्सर १२८० बाय ९६० पिक्सेलचा, पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, म्हणजे सेन्सरची रुंदी ४.८ मिलिमीटर. लेन्स १६ मिलिमीटरची. ढोबळ हिशेबात १६० वर दिसणारी चौकट ४८ मिलिमीटर रुंद, ३०० वर ९० मिलिमीटर. पहिल्या अंतरावर कोडच्या एका घराला साधारण साडेदहा पिक्सेल मिळतात, दुसऱ्यावर साडेपाच. छापील लेबल असतं तर साडेपाच पिक्सेल भरपूर झाले असते. छापलेलं घर पूर्ण काळं असतं, कडेला कड लागलेली. ठोकलेले ठिपके सुटे असतात, त्यांच्यामध्ये जागा असते आणि त्या जागेत कटरच्या रेघा असतात. त्यामुळे ठिपक्यांच्या कोडला मी घरामागे आठ-नऊ पिक्सेल मिळतील असंच अंतर ठेवतो.

पिक्सेल निम्मे झाले, त्याहून वाईट उजेडाचं झालं. दिवा रीडरच्याच तोंडाला आहे, त्यामुळे रीडर वर गेला की दिवाही वर जातो. अंतराच्या वर्गाने उजेड कमी होतो. ३०० भागिले १६०, त्याचा वर्ग जवळपास साडेतीन. चित्र काळवंडलं ते यामुळे. त्यावर उपाय म्हणून एक्स्पोजर २ मिलिसेकंदांवर नेला. कन्व्हेयर सेकंदाला २०० मिलिमीटर चालतो, म्हणजे २ मिलिसेकंदांत पीस ०.४ मिलिमीटर पुढे सरकतो. बरोबर एक घर. ठिपके ओघळलेले दिसत होते ते याचमुळे. ०.३ मिलिसेकंदाला हेच सरकणं ०.०६ मिलिमीटर होतं, म्हणजे न दिसण्यासारखं.

दुपारच्या तीनचं कोडंही इथेच सुटलं. शेडच्या छपरात पत्र्यांच्या मधेमधे उजेडासाठी एफआरपीच्या, म्हणजे फायबर-प्लास्टिकच्या, पारदर्शक शीट आहेत. त्यातून येणारा उन्हाचा पट्टा पावणेतीनच्या सुमाराला कन्व्हेयरवर चढतो आणि सव्वाचारला उतरतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे तेव्हा भर दुपारीही तो क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, तर मार्चअखेर ७४च्या आसपास. म्हणून मी लावलं तेव्हा तो पट्टा पलीकडच्या रस्त्यावर पडत होता आणि माझ्या नजरेला आलाच नाही. पण ऊन एकटं दोषी नव्हतं. रीडरचा दिवा चमकतो तो क्षणभर. एक्स्पोजर तेवढाच आखूड ठेवला तर उन्हाला चित्रात शिरायला वेळच मिळत नाही. २ मिलिसेकंद दार उघडं ठेवलं म्हणून ऊन आत आलं.

हे मी आज सलग लिहितोय. त्या दिवशी मला वाटलं होतं की ऊन सापडलं, काम झालं. पॅकिंगच्या खोक्याचा पुठ्ठा रीडरवर छत्रीसारखा बांधला आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तो मामा म्हणाले, "साहेब, कमी झालंय, पण थांबलेलं नाही." पहिला ढीग, म्हणजे अर्धा पांढरा अर्धा काळा कोड, तसाच येत होता. आणि आता मामांनी असंही सांगितलं की हे अधूनमधून सकाळी पण होतं. तीन आठवड्यांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी अंतर परत १६० वर आणलं (जुनं मॉडेल चालू होतं, म्हणून जमलं), एक्स्पोजर ०.३ वर आणला, डॉट पीनचा दाब पहिल्यासारखा केला. ओघळलेले ठिपके गेले. अर्धा-अर्धा कोड राहिला.

बॅगेत दाढीचा लहान आरसा ठेवतो. दहा-वीस रुपयांचा असेल, पण अशा कामात त्याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं उपकरण नाही. कोडच्या जागी आरसा ठेवायचा, रीडरच्या तोंडाजवळ डोळा न्यायचा आणि आरशात काय दिसतं ते बघायचं. रीडरलाही मशिन केलेल्या तोंडावर तेच दिसत असतं. मला आरशात रीडरचा स्वतःचा दिवा दिसला. अगदी मधोमध.

म्हणजे मी रीडर काटकोनात लावला होता. सरळ वरून, लेव्हल बॉटलने तपासून. सरळ लावला की सपाट तोंड दिव्याचा उजेड थेट परत पाठवतं, जमीन पांढरी दिसते आणि ठिपक्यांचे खळगे काळे. चित्र फार सुंदर येतं, म्हणून तर डिसेंबरात खूश झालो होतो. पण आरशात चेहरा बघायला चेहऱ्याच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, मग तुम्ही जवळ उभे राहा की लांब. इथेही तसंच: ४० मिलिमीटरच्या दिव्याचा पांढरा डाग तोंडावर वीसेक मिलिमीटरचाच पडतो. कोड त्या डागाच्या आत आला तर काळे ठिपके. डागाच्या बाहेर गेला तर जमीन काळी आणि ठिपके पांढरे, कारण प्रत्येक खळग्याचा एखादा बिंदू कॅमेऱ्याकडे चमकतोच. आणि डागाच्या काठावर आला तर अर्धा असा, अर्धा तसा. काळा आणि पांढरा एकाच कोडमध्ये उलटसुलट झाले की रीडर गोंधळतो. डेटा मॅट्रिक्समध्ये चुका भरून काढायची सोय असते, थोडा भाग खराब असला तरी तो वाचला जातो. पण अर्ध्या कोडचं उलटं झालं तर ती सोय काय करणार?

कोड काठावर का येत होता? गाइडमुळे. कन्व्हेयरच्या दोन बाजूंचे गाइड नव्या मॉडेलसाठी बाहेर घेतले होते, त्यामुळे जुन्या मॉडेलला बाजूंना मिळून बारा मिलिमीटर खेळ मिळाला होता. पीस डावीकडे जायचा, उजवीकडे जायचा, कधी तिरका व्हायचा. तिसरा ढीग, कोपरा कापलेला, तोही यातलाच. तिथल्या कोणीतरी सुचवलं होतं की चौकट मोठी करा, म्हणजे पीस कुठेही आला तरी दिसेल. हा सल्ला प्रत्येक कारखान्यात मिळतो. चौकट मोठी करायची म्हणजे रीडर वर न्यायचा, आणि वर नेल्याने काय होतं ते आपण पाहिलंच. पीस जागेवर आणायचं काम गाइडचं आहे. ते लेन्सवर ढकललं की लेन्स ते करते, पण त्याची किंमत पिक्सेलमध्ये वसूल करते.

डाग टाळायचा तर रीडर तिरका करायला हवा. काटकोनापासून पंधरा अंश वळवला की सरळ परत जाणारा उजेड तीस अंशांनी दुसरीकडे जातो. हे मला पाठ आहे, रीडरच्या प्रत्येक मॅन्युअलमध्ये असतं. मी ब्रॅकेटचा एक बोल्ट सैल केला, रीडर कन्व्हेयरच्या आडव्या दिशेने पंधरा अंश वाकवला, कारण बोल्ट त्याच दिशेने फिरत होता. फरक पडला, पण पडायला हवा तेवढा नाही. पांढरा डाग गेला आणि त्याच्या जागी पांढरी पट्टी आली.

या पट्टीत माझा अर्धा दिवस गेला. वीस अंश केले, पंचवीस केले, पट्टी हलेना. शेवटी कॅन्टीनमध्ये जेवताना उत्तर समोर आलं. स्टीलचं ताट घासून घासून त्यावर बारीक गोल ओरखडे पडलेले असतात. त्यात वरच्या ट्यूबलाइटची चमक बघा. ती ठिपक्यासारखी न राहता ओरखड्यांना आडवी पट्टी होऊन पसरते. ताट थोडं इकडे तिकडे केलं तरी पट्टी तिथेच असते. कटरने मशिन केलेलं तोंड हे ताटच आहे. फेस मिलच्या रेघा त्या जागी जवळजवळ समांतर आहेत, आणि उजेड त्या रेघांना आडवा पसरतो. मी रीडर रेघांना आडवा वाकवला होता, म्हणजे पट्टीतून बाहेर न पडता पट्टीवरच पुढे-मागे सरकत होतो. वाकवायला हवा होता रेघांच्या लांबीच्या दिशेने. म्हणजे पट्टी पूर्ण चुकते.

हाताने रीडर धरून रेघांच्या दिशेने पंधरा अंश कलवला. स्क्रीनवर जमीन एकसारखी काळी झाली आणि तिच्यावर पांढरे ठिपके उमटले. कोडच्या दोन बाजूंच्या सलग रेघा, ज्यांच्यावरून रीडर कोडची दिशा ओळखतो, त्या 'एल' अक्षरासारख्या स्वच्छ दिसल्या. पीस डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, चित्र तसंच. चमक जरा कमी, पण सगळीकडे सारखी. डिसेंबरातल्या माझ्या सुंदर चित्रापेक्षा हे दिसायला फिकं होतं. मला ते चालतं. एकाच जागी देखणं दिसणाऱ्या चित्रापेक्षा सगळीकडे सारखं दिसणारं मी कधीही घेईन.

पंधरा अंशांपेक्षा जास्त तिरका करायचा मोहही होतो. पंधराला ६.४ मिलिमीटरच्या कोडचं जवळचं आणि लांबचं टोक यांच्यात दीड-पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो, तो फोकसमध्ये सहज मावतो. पंचेचाळीसला तो साडेचार होतो आणि चौकोनी कोड पतंगासारखा दिसायला लागतो. म्हणून पंधरावरच थांबलो.

मग ब्रॅकेट. जुना ब्रॅकेट तीन मिलिमीटर पत्र्याचा, साडेतीनशे मिलिमीटर पुढे आलेला. ब्लोअर चालू झाला की टोक थरथरायचं. सगळे म्हणाले, कन्व्हेयरला लावूच नका, जमिनीवर वेगळा स्टँड करा, म्हणजे थरथर नाही. मी नको म्हटलं. पीस कन्व्हेयरवर आहे. कन्व्हेयर हलला आणि रीडर नाही हलला, तरी दोघांमधलं अंतर हललंच. शिवाय जमिनीवरच्या स्टँडला फोर्कलिफ्टचा धक्का कधी लागेल याचा नेम नाही. रीडर ज्याच्यावर पीस आहे त्यालाच बांधायचा, फक्त हात आखूड आणि जाड हवा.

नवा हात ४० बाय ४०च्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा केला, कन्व्हेयरच्या चॅनेलला आठ मिलिमीटरच्या प्लेटने बांधला. तो समोरून न आणता मागून आणला. नव्या मॉडेलचा उंच बॉस ठोकत होता तो ब्रॅकेटच्या कोपऱ्याला. रीडरला तो लागतच नव्हता. म्हणजे फेब्रुवारीत रीडर वर घ्यायची गरजच नव्हती, ब्रॅकेट फिरवला असता तरी भागलं असतं. स्लॉट ठेवला नाही. कोन ठरल्यावर जागा पक्की करणाऱ्या दोन डॉवेल पिना मारल्या, बोल्टला थ्रेड लॉकर लावलं आणि बोल्ट आणि प्लेटवरून पिवळ्या पेंटची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर कोणीतरी हात लावलाय.

दोन मॉडेलचा प्रश्न उरला. नव्याचं कोडचं तोंड जुन्यापेक्षा वीस मिलिमीटर उंच. रीडर जुन्यापासून १९० वर ठेवला, म्हणजे नव्यापासून १७०. १९० वर चौकट ५७ मिलिमीटर आणि घरामागे नऊ पिक्सेल. दोन्ही उंचींवर फोकस मिळावा म्हणून लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५.६ वरून ८ केलं, म्हणजे लहान केलं, आणि फोकस दोन्ही तोंडांच्या मधोमध धरला. ८ केलं की उजेड निम्मा होतो. इथे मला खर्च मागावा लागला: एक लाल बार लाइट, रीडरच्या ट्रिगरबरोबरच चमकणारा, रेघांच्या दिशेने खालून तीस अंशांवर लावलेला. आणि लेन्सपुढे फक्त लाल उजेड आत सोडणारा फिल्टर, म्हणजे ऊन बऱ्यापैकी बाहेर. साहेबांनी कोटेशन पाहिलं, नव्या रीडरचं कोटेशन पाहिलं, आणि सही केली. हा एकच संवाद तिथे विनातक्रार पार पडला.

बाकी लहानसहान. रीडरला 'पीस आला' सांगणारा फोटोसेन्सर जुन्या मॉडेलची रिब (उभी फासळी) बघून ट्रिगर द्यायचा, नव्याचा बॉस बघून. त्यामुळे कोड चौकटीत वेगवेगळ्या जागी यायचा. तो सेन्सर खाली घेऊन दोन्ही मॉडेलची पुढची कडाच बघेल असा केला. गाइडला दोन मॉडेलसाठी दोन खुणा आणि हाताने फिरवायचे नॉब. वॉशिंगच्या वाफेने रीडरच्या काचेवर पांढरट थर बसायचा आणि तो कॉटन वेस्टने पुसला जायचा. त्या वेस्टमध्ये ॲल्युमिनियमची चिप असली की काचेवर ओरखडा ठरलेला. काच बदलली आणि मऊ कापडाची पिशवी मामांच्या ताब्यात दिली. रीडरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून आली होती, ती वेगळी काढली आणि एम-१२ कनेक्टरपाशी तिला एक सैल वळण देऊन बांधलं, नाहीतर पुसणाऱ्याच्या हाताचा ताण कनेक्टरवर येतो.

आणि एक गेज केला. नायलॉनचा ठोकळा, १९० मिलिमीटर लांब, खालचं टोक सपाट, वरचं पंधरा अंशांनी तासलेलं. जुन्या मॉडेलच्या पिसावर उभा केला की वरचं टोक रीडरच्या तोंडाला सगळीकडे टेकलं पाहिजे. लॅपटॉप नको, मी नको. तो ब्रॅकेटशेजारी साखळीने टांगला.

तपासायला तीन शिफ्ट चालवल्या, नो-रीडची सगळी चित्रं साठवत. मी दुसऱ्या शिफ्टला तिथेच होतो, उन्हाचा पट्टा येईपर्यंत आणि जाईपर्यंत. पट्टा आला, पिसांवर चढला, बझर वाजला नाही. मामा माझ्याकडे न बघता पुढचा पीस सरळ करत होते. तिन्ही शिफ्ट मिळून पाच पीस अडले. चित्रं उघडली तर चार पिसांवर 'एल'ची उभी रेघ मधेच तुटलेली, ठिपकेच नाहीत. डॉट पीनच्या सुईचं टोक उडालं होतं. हँड स्कॅनरही ते चार वाचू शकला नाही. पाचव्यावर पाण्याचा थेंब होता.

क्वालिटीचे साहेब ते चार पीस हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे आता हा अडवतो ते खरंच खराब असतं?" मी हो म्हटलं. त्यांनी लगेच सुई बदलायची नोंद केली आणि हँड स्कॅनर लाइनवरून उचलून आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो तसा उचलू नये असं माझं मत होतं, मी बोललो नाही.

जुलैत दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. जाता जाता लाइनवर डोकावलो. पिवळ्या रेघा अखंड होत्या. काच स्वच्छ होती. साखळी होती, पण साखळीला गेज नव्हता. मामांना विचारलं. त्यांनी मानेनेच इन्स्पेक्शनच्या टेबलाकडे दाखवलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, आणि त्याच्याखाली माझा नायलॉनचा ठोकळा आडवा, तासलेलं टोक बाहेर.

स्टोअरमधून लाकडाची चकती आणून टेबलाला दिली, गेज पुसून परत टांगला आणि साखळीच्या जागी वायर रोप लावायला सांगितला.